साहेबांचं मीटर आणि काकूंची जीभ

मीटरसाहेब निवृत्त झाले तेव्हा काकूंना वाटलं होतं, आता हा माणूस चार दिवस स्वस्थ बसेल. हा त्यांचा भाबडेपणा. चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेच्या मीटरवरचे आकडे टिपलेला माणूस घरात बसवला, तर तो घरातले आकडे टिपायला लागणार, दुसरं काय करणार? पहिल्या महिन्यात साहेबांनी फ्रीज दिवसातून किती वेळा उघडतो याची नोंद ठेवली. दुसऱ्या महिन्यात गॅसच्या सिलिंडरखाली वजनकाटा सरकवला. तिसऱ्या महिन्यात मात्र कहर केला. खाऱ्या पाण्यातल्या रंगीत माशांची चार फुटी टाकी घरी आणली.

बरं, आणली ती ठेवली कुठे? तर बैठकीच्या खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीशेजारी, कारण भिंत भक्कम तिथली आणि प्लगही तिथेच. आणि तिथे होतं काकूंचं शिवणयंत्र.

आता हे शिवणयंत्र म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगितलंच पाहिजे. काकूंनी तीस वर्षं एका वसतिगृहाची मेस सांभाळली. रोज चारशे ताटं. भाजीत मीठ घालायचं ते मुठीनं, आणि चव बघायची ती हाताच्या पालथ्या बाजूवर एक थेंब घेऊन. तीस वर्षांत एक पोरगा उठून म्हणाला नाही की आज अळणी झालंय. पण या तीस वर्षांत त्यांच्या मनात एकच होतं, की बोटांचा कांद्याचा वास एकदाचा गेला की शिवण शिकायचं. तो वास गेला, यंत्र आलं, खिडकीशी लागलं, नातीच्या फ्रॉकचं कापड बेतून झालं आणि टाकी आली. यंत्र गेलं न्हाणीघराशेजारच्या बोळात, पिवळ्या दिव्याखाली. तिथे सुईत दोरा ओवायचा म्हणजे तीनदा थुंकी लावायची आणि चौथ्यांदा कपाळाला हात लावायचा. बरं, खिडकी तरी उघडी असावी? तीही नाही. ऊन आलं की टाकीत शेवाळ माजतं म्हणून पडदा कायमचा बंद. नात वाढत चालली होती, फ्रॉक तेवढा होता तिथेच होता.

काकू काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. तीन दिवस घरात भांडी जरा जोरातच वाजली. चौथ्या दिवशी तह झाला. पहिला मासा मेला की टाकी घराबाहेर आणि शिवणयंत्र खिडकीशी. साहेबांनी हे आपल्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून काढलं आणि खाली सही ठोकली. काकूंनी मनातल्या मनात पंधरा दिवस धरले होते.

पण मासे कसले मरतायत! पाच होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक, जो सदा एका दगडाच्या तोंडाशी उभा असायचा. काकूंनी त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं, कारण साहेबांच्या ऑफिसच्या दारातला शिपाई अगदी असाच उभा असे. एक पिवळी. दोघी निळ्या बहिणी, दिवसभर एकमेकींच्या अंगावर धावून जाणाऱ्या. आणि एक करडा, बटबटीत डोळ्यांचा, जो बिळातून फक्त डोकं बाहेर काढायचा आणि कोणी बघितलं की आत घ्यायचा. हा भाडेकरू. माशांशी आपलं काही देणंघेणं नाही, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. पण नावं ठेवली की देणंघेणं सुरू होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, साहेब स्टुलावर बसून नोंद घ्यायचे. रजिस्टरात रकाने होते: तारीख, वेळ, पाण्याची ऊब, खारटपणा, माशांची हजेरी आणि शेरा. खारटपणा मोजायला दुकानदारानं एक प्लॅस्टिकची चपटी डबी दिली होती. तिच्यात टाकीतलं पाणी भरलं की आतला काटा वर उचलला जायचा. तो हिरव्या पट्ट्यात थांबला की पाणी ठीक, वर लाल पट्ट्यात गेला की जास्त खारट, खाली राहिला की कमी. साहेब तिला मीटर म्हणत. आणि मीटर म्हटल्यावर त्याचे नियम आले. मीटरला साहेबांशिवाय कोणी हात लावायचा नाही. पुसायचं नाही, घासायचं नाही, उघडायचं नाही. वापरून झालं की होतं तसं, पाणी निथळून, फळीवर.

दोन महिने काटा हिरव्यात राहिला. मग हळूहळू खाली यायला लागला. साहेबांनी चमचाभर मीठ विरघळवून घातलं. काटा वर आला, पण आठवड्यात पुन्हा खाली. पुन्हा मीठ, पुन्हा खाली. दुकानदारानं तर स्पष्ट सांगितलं होतं की वाफ होते ती पाण्याची, मीठ कुठे जात नाही. मग जातंय कुठे? साहेबांच्या धंद्यात अशा कोड्याला एकच उत्तर होतं, चोरी. त्यांनी टाकीचे सांधे चाचपले, खालच्या फरशीवर कोरडं फडकं फिरवलं, पंपाची नळी कानाला लावून पाहिली. शेवटी त्यांनी काकूंकडे असं काही बघितलं, की काकूंनी स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणून त्यांच्यापुढे आदळली आणि मोजून घ्या म्हणाल्या. साहेबांनी बरणी खरंच हातात तोलून बघितली, यावरून माणूस ओळखा.

आणि मग मासे बिघडले. पट्टेवाला दगडाचं दार सोडून वर पाण्याच्या काठाशी आला आणि तोंड उघडमीट करू लागला. पिवळीचा रंग धुतलेल्या कापडासारखा विटला. निळ्या बहिणी भांडायच्या थांबल्या, आणि भाडेकरूनं तर डोकं काढणंच बंद केलं. साहेब दिवसभर स्टुलावर बसून राहिले. समोर ठेवलेला चहा निवून साय धरून गेला.

काकू टाकीची काच पुसत होत्या. पंपाचा एक शिंतोडा मनगटावर उडाला आणि तीस वर्षांच्या सवयीनं तो त्यांनी जिभेला लावला. तोंडच वाकडं झालं. पहिल्या दिवशी साहेबांनी बादलीत पाणी कालवलं होतं तेव्हाही त्यांनी असाच थेंब चाखला होता, आणि एकदा चाखलेलं काकूंची जीभ विसरत नसे. हे पाणी ते नव्हतं. हे त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं.

त्या गुपचूप बोळात गेल्या आणि यंत्रासमोर बसल्या. काही करायचंच नव्हतं. गप्प बसायचं, बस. आज नाही तर उद्या पट्टेवाला आडवा झाला असता. तह साहेबांच्याच सहीचा, कोणी एक शब्द बोलू शकलं नसतं. पडदा उघडला असता, खिडकी त्यांची झाली असती. त्यांनी सुई हातात घेतली, दोरा घेतला, आणि डोळ्यांपुढे आलं काय, तर ते उघडमीट करणारं तोंड आणि तो साय धरलेला चहा. काकूंना स्वतःचाच भयंकर राग आला. ज्या हातांनी चारशे जणांना कधी खारट वाढलं नाही, त्या हातांनी पाच जिवांना खारवून मारायचं? त्यांनी सुई खोचली आणि तरातरा बाहेर आल्या.

"अहो, पाणी खारट झालंय."

"समुद्राचं पाणी आहे ते. गोड लागणार आहे का?"

"पहिल्या दिवशी होतं त्यापेक्षा खारट झालंय म्हणते मी."

साहेबांनी डबी भरली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. काटा हिरव्याच्या खाली. उलट आज संध्याकाळी आणखी वाटीभर मीठ घालायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. काकू पुन्हा काही बोलणार तोच ते म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही."

हे वाक्य काकूंना पाठ होतं. चौतीस वर्षं दारोदारच्या लोकांनी ते ऐकलं होतं. बिल जास्त आलं म्हणून रडकुंडीला आलेल्यांनी, घर महिनाभर बंद होतं म्हणून शपथा घेणाऱ्यांनी, सगळ्यांनी. त्यापुढे आजवर कोणाचं काही चाललं नव्हतं.

दुपारी दोनला साहेब झोपले. सहाला उठून ते वाटीभर मीठ घालणार होते, म्हणजे हातात वेळ होता तेवढाच. काकूंनी फळीवरची डबी उचलून उजेडात धरली. काट्यावर, आतल्या भिंतींवर, कोपऱ्याकोपऱ्यात मिठाचा पांढरा थर साचला होता. भांडं असं कोणी ठेवलं असतं तर मेसमध्ये त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. त्यांनी डबी कोमट पाण्यात भिजत घातली, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि काटा असा घासला की कधी नव्हे तो चमकला. मग टाकीचं पाणी भरलं. काटा उचलला, हिरवा पट्टा ओलांडून गेला आणि लाल पट्ट्याच्या पार टोकाला जाऊन टेकला.

साहेब उठून बाहेर आले, त्यांनी चमकणारी डबी पाहिली आणि त्यांचा चेहराच पडला. एखाद्यानं घरात दरोडा घालावा तसे ते बघत राहिले.

"तू मीटरशी छेडछाड केलीस," ते म्हणाले.

"घासलं," काकू म्हणाल्या. "विचारा तुमच्या दुकानदाराला."

साहेबांनी तावातावानं फोन लावला. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी सहज विचारलं की काका, दर वेळी वापरल्यावर मीटर गोड्या पाण्यानं धुता ना? मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, की समजा नाही धुतलं तर. दुकानदार म्हणाला, मीठ बसून काटा जड होणार आणि कमी दाखवणार, हे काय विचारणं झालं?

साहेबांनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. चोरी झालीच नव्हती. मीठ टाकीतच होतं, आणि आठवड्यामागून आठवडा साहेब स्वतःच्या हातानं आणखी घालत होते. मग ते म्हणाले, "एक म्हाताऱ्या बाई होत्या. घरात एकच दिवा जळतो म्हणायच्या. दर महिन्याला यायच्या बिल घेऊन." आणि ते डबी उचलून नळाखाली धुवायला गेले.

दुकानदारानं बजावलं होतं की खारटपणा एकदम उतरवायचा नाही, दमादमानं उतरवायचा. हे काकूंना सांगायची गरज नव्हती. भांडं खारट झालं म्हणून घागर ओतणारी ती मेसवाली कसली? तांब्याभर काढायचं, तांब्याभर गोडं घालायचं, थांबायचं, धुतलेल्या डबीत मोजायचं. तीन दिवस घरात काकूंचं राज्य होतं आणि साहेब तांब्या धरून हुकमाची वाट बघत उभे. तिसऱ्या संध्याकाळी पट्टेवाला आपल्या दाराशी जाऊन उभा राहिला. पिवळी पिवळी झाली. निळ्या बहिणींनी एकमेकींना पहिली ढुशी दिली, तेव्हा काकू हसल्या.

भाडेकरू मात्र आला नाही. साहेबांनी बॅटरी लावून बिळं पाहिली, त्याच्या आवडीचं खाणं दाराशी टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: मृत, एक. माणूस असेल कसाही, पण सहीला जागणारा होता. त्यांनी दुकानदाराला फोन करून उद्या सकाळी टाकी न्यायला माणूस बोलावला. मग स्टूल उचललं, त्या जागी बोळातलं शिवणयंत्र स्वतः ओढत आणून लावलं आणि पडदा सरकवला. एका दिवसात काय शेवाळ होणार आहे, असं पुटपुटत जेवून आत जाऊन आडवे झाले. स्टूल उचललं की यंत्रापुरती जागा तिथे निघत होती, हे इतके महिने दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

काकू खिडकीशी बसल्या. काय तो उजेड. दोरा पहिल्याच झटक्यात ओवला गेला. दोन वाजले होते. त्यांनी फ्रॉकची बाही यंत्राखाली सरकवली, आणि सहज मान वळवली, तर मागच्या दगडाच्या फटीतून दोन बटबटीत डोळे त्यांच्याकडे बघत होते. थोडे सुकलेले, पण तेच. काकूंनी बघितलं. या वेळी त्यानं डोकं आत घेतलं नाही.

काकूंनी मान पुढे केली आणि बाही शिवायला लागल्या. अर्धी शिवली. मग यंत्र थांबवलं, नशिबाला चार शब्द सुनावले, बाही बाजूला ठेवली आणि कपाटाच्या मागची मोडकी छत्री काढली.

चार वाजता त्यांनी साहेबांना हाक मारली.

"बघा, भाडेकरू आलाय. आत्ताच दिसला."

साहेब अनवाणी धावत आले. काचेला नाक लावून त्यांनी बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले ते त्यांनी लपवलंही नाही. मग ते मुकाट्यानं शिवणयंत्राला हात घालू लागले, ते परत बोळात न्यायला. काकूंनी त्यांचा हात बाजूला केला आणि त्यांच्या हातात एक काळं कापड दिलं. छत्रीचे त्रिकोणी तुकडे जोडून केलेला टाकीच्या मापाचा पडदा, खिडकीच्या बाजूनं लावायचा. ऊन टाकीवर पडणार नाही आणि खिडकीही उघडी राहील. चारी कडांना दुहेरी शिवण, चार कोपऱ्यांना चार बंद.

साहेबांनी कापड उलटसुलट करून पाहिलं. टाके बोटानं चाचपले. आठ तुकड्यांचे सांधे, दुहेरी कड, चार बंद. दोन तासांचं तरी काम. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग काकूंकडे. काकू सुईत दोरा ओवण्यात फार गढून गेल्या होत्या. दोरा तर आधीच ओवलेला होता.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. 'मृत, एक' वर आडवी रेघ मारली आणि रेघेशेजारी सही केली. चौतीस वर्षांत त्यांनी एकही चुकीचा आकडा जाणूनबुजून लिहिला नव्हता. त्यांनी चष्मा नीट केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: भाडेकरू हजर. वेळ, दुपारी चार.