सोनोग्राफीच्या खोलीत मृणाली

मित्रांनो, धुळ्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत उभे असलेले जुने सोनोग्राफी यंत्र म्हणजे मी.

मी आले तेव्हा मला हार घातला होता. पोटातली बाळे दाखवता दाखवता माझी बटणे झिजली. मग नवे यंत्र आले आणि मला मागे सरकवले, हातापायांच्या तपासण्यांपुरते. लोकांना मात्र अजूनही वाटते, की माझ्यासमोर मुलगी आली म्हणजे तिला दिवसच गेले असणार. त्या समजुतीपायी मृणालीवर जे गुदरले, ते आठवले की मला शरमेने मेल्यासारखे होते.

मृणाली पारोळ्याची, कॉलेजात शिकणारी. कबड्डी खेळताना मांडीला मार बसला. वरून ना जखम, ना लाली. आत मात्र ठणका आणि सणकून ताप. घरी तेल चोळले, शेकले. मांडी लाकडासारखी कडक झाली, तेव्हा आई मंजुळाबाई तिला घेऊन आल्या. डॉक्टर दिपमालाबाईंनी मांडीची सोनोग्राफी सांगितली.

माझ्या दाराबाहेर त्यांच्या गल्लीतली भिकुबाई बसलेली होती.

"मंजुळाअक्का, पोरले आठे कसाले लई उनी व?"

पोरीला इथे कशाला आणले, या प्रश्नाने मंजुळाबाईंचा चेहरा पडला. मुलगी काही लपवते आहे की काय, या संशयाने तिला बाजूला ओढून त्या कुजबुजल्या, "मांडीनंच दुखनं शे ना? का काही दपाडी ऱ्हायनी? बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं. चाल घर."

मृणाली तापाने थरथरत होती. "माय, तू बी?" एवढेच म्हणाली आणि लंगडत एकटीच आत आली. ओढणीने तिने तोंड झाकून घेतले होते.

माझ्या पडद्यावर स्नायूंच्या रेघांमध्ये काळा डोह दिसला. त्यात बारीक कण तरंगत होते. डॉक्टरांनी माझ्या पडद्यावर पाहत पाहत तिथे सुई घातली आणि पू ओढला. मग मंजुळाबाईंना आत बोलावले.

"मार बसलेल्या स्नायूत जिवाणू शिरलेत. आज परत गेला असतात, तर विष अंगभर पसरलं असतं. पोर हाती लागली नसती."

मंजुळाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

शस्त्रक्रियेने उरलेला पू काढला. तपासणीत जिवाणू कोणता ते कळले, त्यावर नेमके औषध मिळाले आणि ताप उतरला. पुन्हा तपासायला आणले, तेव्हा मंजुळाबाई मुलीला उठवायला पुढे झाल्या. "मनं चुकनं, बेटा," त्या पुटपुटल्या. मृणालीने त्यांच्या खांद्याचा आधार घेतला, पण वर पाहिले नाही.

मित्रांनो, खोल ठणका आणि ताप एकत्र आले, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. आणि आजारी मुलीला आधी एवढेच विचारा, कुठे दुखते?