मांडी घालून गाडी चालवणारे महाराज

गाडी भरधाव चालली होती आणि महाराजांनी मांडी घातलेली होती.

आमच्या गावावरून सेनगावकडे जाणारा रस्ता नुकताच डांबरी झाला होता. फाट्यापासून शाळेपर्यंत नाकासमोर सरळ. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अख्खं गाव उभं. समोरून पांढरी मोटार आली, काचा खाली. चालकाच्या जागेवर वेगानंद महाराज. हात स्टेअरिंगवर आणि पाय सीटवर दुमडलेले, पंगतीत जेवायला बसावं तसे!

"आगा बाबौ! पाय कुठं हायेत पाय?" जळबा पाटील ओरडले आणि त्यांनी हात जोडले.

ही २००८ सालची गोष्ट. गावात जीपगाड्या पुष्कळ होत्या, पण पाय न लावता पळणारी गाडी कुणी पाहिली नव्हती. मी शाळेतला मास्तर, मीही नाही.

संध्याकाळी पारावर महाराज सांगत, "बाळांनो, पेट्रोल हे निमित्त. गाडी नामावर चालते!" नामावर चालणाऱ्या गाडीची टाकी मात्र ते रोज काठोकाठ भरून घेत. पैसे वसमतचे हळदीचे व्यापारी पुनमचंद शेठ देत. गाडीही शेठचीच, मुंबईहून जुनी आणलेली आणि भक्तिभावाने महाराजांच्या हवाली केलेली.

एक दिवस तांड्यावरच्या पारूबाईच्या शेळ्या रस्त्यात आल्या. मांडी सोडवता सोडवता महाराजांना घाम फुटला. त्यांनी ब्रेकवर असा पाय आपटला की गाडी किंचाळत शेळीपासून वीतभर अंतरावर थांबली.

तेव्हापासून चमत्कार बंद! पाय वर घेतले की गाडी मंदावायची. स्टेअरिंगमागे वेगाच्या काट्यापाशी एक पिवळा दिवा लुकलुकायचा आणि मागचे लाल दिवे काही केल्या विझत नव्हते.

"गाडीचे डोळे लाल झालेत!" महाराज गरजले. "त्या बाईची नजर लागली. तिनं दोन शेळ्या आमच्या चरणी आणाव्यात. तोवर तिची सावली पाण्यावर पडू देऊ नका."

जळबा पाटलांनी पारूबाईला हापशावर येण्याची बंदी केली. रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती म्हणाली, "गाडी माह्या शेळीच्या अंगावर येऊन राहिली व्हती. मंग नजर माही कशी लागली?"

ती ओढ्याची वाट चालू लागली. मी पाटलांशी भांडलो, तर ते म्हणाले, "गुर्जी, तुमी पुस्तकातलं सांगता. गाडी बिनपायाची चालली, ते आमी डोळ्यांनी बघितलं."

बघितलं तर मीही होतं. तेच मला डाचत होतं. माझी पुतणी दीपमाला नांदेडला मोटारींच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर आहे. तिला फोन करून सगळं सांगितलं, तर तिला हसू आवरेना. "काका, मागचे लाल दिवे सारखे चालू आहेत ना? उद्या येते. शेठला तेवढं बोलावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी महाराज हात पसरून गाडीपुढे उभे राहिले. "स्त्रीचा स्पर्श झाला तर गाडी भस्म होईल!"

पुनमचंद शेठ हळूच म्हणाले, "महाराज, गाडी माझ्या नावावर आहे. बघू द्या पोरीला."

दीपमालाने स्टेअरिंगखाली गाडीचा बिघाड वाचणारं एक यंत्र जोडलं. पडद्यावर उमटलेला कोड तिने मोठ्याने वाचला, "पी शून्य पाच सात एक."

महाराजांनी डोळे मिटले. "शापाची संख्या!"

"नाही महाराज, ब्रेकच्या बटणाची." ती लोकांकडे वळली. "या गाडीत एक सोय आहे. पायाने वेग घ्यायचा, मग ही कळ दाबायची. पुढे गाडी तोच वेग धरून ठेवते. ब्रेकला पाय लागला की सोय बंद. महाराज फाट्यापलीकडे पायानेच वेग घेत होते आणि तुमच्यासमोर मांडी घालत होते."

"मंग बंद काहून पडली?" पाटलांनी विचारलं.

दीपमाला वाकून आत शिरली आणि पायपुसण्यावरून काळा भुगा उचलून आणला. "ब्रेकच्या पेडलला रबराची एवढीशी टिकली असते. पाय उचलला की ती एक बटण दाबून धरते. टिकली जुनी होऊन कुजली होती, त्या दिवशीच्या दणक्यात फुटली. बटण मोकळंच राहिलं. आता गाडीला वाटतं, ब्रेकवर सारखा पाय आहे. म्हणून लाल दिवे चालू आणि चमत्कार बंद."

नवी टिकली नांदेडहून यायची होती. तोवर रबराचा तुकडा हवा होता. महाराजांच्या पायात खडावा. पारूबाईने पायातली चप्पल काढली. "घे बाई. टाच तशीबी झिजलीच हाये."

दीपमालाने ब्लेडने तुकडा कापला, तासून पेडलवरच्या टिकलीच्या भोकात बसवला. लाल दिवे विझले! लोकांनी एवढा मोठा 'आँ' केला की झाडावरचे कावळे उडाले.

मग तिने यंत्रावरून तो कोड पुसला, पारूबाईला शेजारी बसवलं, रस्ता मोकळा करायला लावला आणि गाडी काढली. परत येताना तिचे दोन्ही पाय पेडलपासून बाजूला होते आणि पारूबाईची मान खिडकीबाहेर. "बघा रे! माह्या चपलेवर चालून राहिली!"

गाव पोट धरधरून हसलं. महाराज तेवढ्यात हिंगोलीच्या एसटीत चढले. तिकीट काढावं लागलं म्हणे, नामावर भागलं नाही.

मी लोकांना एवढंच म्हणालो, "नवल वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण हात जोडायच्या आधी 'काहून' हे विचारा. आणि उत्तर म्हणून कुणी गरिबाकडं बोट दाखवलं, त्याचं पाणी तोडायला सांगितलं, तर आणखी जोरात विचारा."

जळबा पाटील खाली मान घालून पारूबाईपुढे आले. "चुकलं माय," म्हणत त्यांनी हात जोडले.

"हात जोडू नगा, पाटील," पारूबाईने हंडा पुढे केला. "हापसा मारा."