न चमकवायची खोली

दाराबाहेर काढून ठेवलेला एक बूट. एकच, जोडीतला.

मेणाचा वास.

एका मोठ्या कंपनीची छोटी मुलगी.

"बघतो."

काचेच्या पेटीत नखाएवढ्या चकत्या, सगळ्या मेलेल्या.

माझ्या दांडीवर वाळत घातलेले काळे मोजे.

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. सरळ सांगायला गेलं की लोक उठून जातात, म्हणून आधी सांडून ठेवले. आता एकेक गोळा करू. सांडलेलं गोळा करणं हेच तर आमचं काम.

मी फरशी घासायची आणि चमकवायची मशीन. खाली गोल फिरणारी चकती, तिच्यावर मोटर, मागे उभी दांडी आणि एक लांब पिवळी वायर. वायर पुरेल तिथवर माझं जग. त्यापलीकडचं जे सांगेन ते ऐकलेलं असेल, आणि ऐकलेलं आहे असं सांगूनच सांगेन. माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांना एवढं जमलं असतं, तर मी आज तुमच्याशी बोलत बसले नसते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथून एका हॉटेलात गेले, तिथे गुळगुळीत दगडावर फिरले, एका नोकराने जिन्यावरून सोडलं तेव्हा कुशीत पोचा आला. मग हॉटेलने नवी मशीन आणली आणि मला वहिनींनी घेतलं.

वहिनी म्हणजे सफाईची कामं घेणाऱ्या बाई. त्याआधी त्या दुसऱ्यांच्या हाताखाली जिने पुसायच्या. नवरा ट्रकवर, घरी आला तर पाहुण्यासारखा. त्यांच्या जोडीला त्यांची नणंद. वहिनी त्यांना वन्सं म्हणायच्या, म्हणून कामावरच्या इतर बायकांनाही त्या वन्संच झाल्या. वन्संची जीभ माझ्या काळ्या चकतीहून खरखरीत होती.

पहिल्या दिवशी वहिनींनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि बटण दाबलं. मी त्यांना ओढत भिंतीपर्यंत नेलं. तिथून वळून समोरच्या भिंतीपर्यंत नेलं. वन्सं हसून हसून पायरीवर बसल्या. म्हणाल्या, दाबू नका वहिनी, म्हशीला काय दाबून चालवतात? त्या दिवसापासून मी म्हैस. पण वन्सं बोलल्या ते खरं होतं. मला जोर लावून काही उपयोग नसतो. दांडी जराशी वर केली की मी उजवीकडे सरकते, जराशी खाली केली की डावीकडे. एवढंच. हे हाताला उमगलं की मग बाई माझ्याबरोबर चालत नाही, डुलते. वहिनी डुलायला शिकल्या. दोन बोटांनी मला नेत आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांवरचे केस मागे सारत.

मग संशोधन केंद्राचं काम आलं.

केंद्र म्हणजे एक गावच होतं. इमारतींना जोडणारे काचेचे बोळ, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं, आणि दर इमारतीत अशी दारं जी आमच्यासाठी उघडत नसत. तिथे एक नियम निघाला होता, की सफाईचं काम सगळंच्या सगळं एका बड्या कंपनीला न देता इमारतीगणिक छोट्या उद्योगांना वाटून द्यायचं. मोठ्यांचं पोट कायम भरलेलं असतं, छोट्यांनाही जरा जागा मिळावी, असा तो विचार. मला अजूनही तो विचार चांगला वाटतो. ठेकेदारांना बोलावून सगळ्या इमारती दाखवल्या, मग बैठक घेतली. हे ऐकलेलं. वहिनींनी त्या बैठकीत विचारलं की छोटं म्हणजे किती छोटं. वन्संनी मागून सांगितलं, आपण, चार बायका आणि एक म्हैस, याहून छोटं दाखवायचं तर भिंगच आणावं लागेल. सगळे हसले. आम्हाला एक इमारत मिळाली.

देखभालीचे साहेब तेव्हापासून आमचे. बायका त्यांना बघतोसाहेब म्हणायच्या. दिवा गेला, नळ गळतो, बादल्या ठेवायला जागा द्या, काहीही सांगा, उत्तर एकच. माणूस वाईट नव्हता. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते आहे. वाईट माणसापासून वहिनींनी स्वतःला वाचवलं असतं.

कामाची ती वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. इमारतीतल्या लांब बोळाला आम्ही असं रूप दिलं की लोक फरशीत बघून केस नीट करायचे. एकदा एक म्हातारे शास्त्रज्ञ थांबले, खाली वाकले आणि वहिनींना म्हणाले, इथून चालायला भीती वाटते, बाई, पाण्यात पाय टाकतोय असं वाटतं. वहिनींनी ते घरी जाऊन सांगितलं, दुसऱ्या दिवशी बायकांना सांगितलं, आणि पुढे कितीतरी दिवस, त्या एकट्या असल्या की, मला सांगितलं.

आता ती खोली.

बोळाच्या टोकाला एक प्रयोगशाळा होती. ती आमच्या कामात नव्हती. आतली माणसं स्वतःच कोरड्या कापडाने पुसून घ्यायची. फरशी राखाडी आणि निस्तेज, जणू कुणाला तिच्याकडे बघायला वेळच मिळालेला नाही. त्या खोलीच्या मॅडम तेव्हा परगावी गेल्या होत्या.

आमच्या ठेक्याची मुदत संपत आली होती. वाढवायचा की नाही ते साहेबांच्या शिफारशीवर होतं. त्याच सुमाराला केंद्रात मोठे पाहुणे यायचे ठरले. सुट्टीच्या दिवशी दुपारी साहेब स्वतः आले, ते दार उघडलं आणि म्हणाले की पाहुणे इथूनच जाणार आहेत, ही फरशी अगदी मेल्यासारखी दिसते, तेवढी करून टाका. वहिनींनी विचारलं, मॅडमना विचारलंय ना? साहेब म्हणाले, बघतो मी ते.

ते गेल्यावर वन्संनी बादली खाली ठेवली. ही खोली आपल्याकडे नाही, त्या म्हणाल्या, नसतं लचांड कशाला गळ्यात घ्यायचं. वहिनी चकती बदलत होत्या.

"मुदत वाढवून हवी आहे ना आपल्याला? मग नाही कुठल्या तोंडाने म्हणू, वन्सं?"

मग आम्ही ती खोली केली. काळ्या चकतीने घासली, धुतली, सुकू दिली, मेणाचे हात दिले, पांढऱ्या चकतीने चमकवली. मित्रांनो, मी हॉटेलचा दगड चमकवला आहे, पण अशी चमक मला कधी साधली नव्हती. खिडकी फरशीत उतरली होती. वहिनींनी दारात उभं राहून चपला काढून हातात घेतल्या. वन्संनीसुद्धा खोट काढली नाही, आणि हे मी एकदाच पाहिलं.

तिथे काम करणाऱ्या मुलामुलींनी दुसऱ्या दिवशी फरशीचे फोटो काढले.

त्यानंतरचं ऐकलेलं. मॅडम तिथे नखाएवढ्या नाजूक चकत्या, चिप म्हणतात त्या, बनवत, इतक्या नाजूक की माणसाच्या अंगात साठलेल्या विजेनेही त्या मरतात. लोकरीचं काढताना अंगावर चटचट होतं ना, ती वीज. ती राखाडी फरशी साधी नव्हती. माणूस चालला की त्याच्या अंगातली वीज ती पायातून ओढून जमिनीत सोडून द्यायची. तेच तिचं काम. तिच्यावर आम्ही मेणाचा थर दिला आणि तिचं तोंड बंद केलं. चकत्या एकामागून एक मरू लागल्या. कुणाला कळेना का. मुलं यंत्रं तपासत राहिली, पायाखाली कुणी पाहिलं नाही.

मॅडम परगावाहून आल्या. दारातच थांबल्या. एक बूट काढला, मोज्याचा पाय फरशीवर ठेवून सरकवला, आणि तो तसाच पुढे घसरत गेला. त्या तशाच उभ्या राहिल्या, एक पाय आत, एक पाय बाहेर. हे बोळात झाडू मारणाऱ्या बाईने पाहिलं.

चौकशी त्याच खोलीत झाली. मला तिथे आणून उभं केलं होतं, चोरीचा माल ठेवतात तसं. म्हणून यापुढचं मी स्वतः ऐकलं आहे.

मॅडम ओरडल्या नाहीत. काचेची पेटी टेबलावर ठेवली. आत त्या चकत्या होत्या, कित्येक वर्षांचं काम. मॅडमचे डोळे सुजलेले होते.

"तुम्हाला इथे मेण लावायला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फरशीकडे पाहत होते. फरशीत त्यांना साहेबच दिसत असणार, इतकी ती चमकत होती.

"कोणी नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, चांगलं दिसेल. माझ्या मनाने केलं."

साहेबांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या हातातल्या किल्ल्या, ज्या मघापासून वाजत होत्या, त्या थांबल्या.

परतताना जिन्यात वन्संनी वहिनींना अडवलं. म्हणाल्या, हे काय बोलून बसलात? वहिनींनी मला दोन पायऱ्या खाली घेतलं आणि मग सांगितलं की शिफारस साहेबांनीच करायची आहे. आज त्यांची नोकरी वाचवली, ते विसरतील का?

"विसरायचे नाहीत," वन्सं म्हणाल्या. "म्हणूनच तुम्ही त्यांना डोळ्यांसमोर नको असाल."

मित्रांनो, गोष्टीतला सगळ्यात कडू घास इथे आहे. वन्संचं खरं झालं. मुदत वाढवायची बैठक झाली तेव्हा साहेबांनीच वाचून दाखवलं की ठेकेदाराने परवानगीशिवाय नेमून न दिलेल्या खोलीत काम केलं आणि तसं सगळ्यांसमोर स्वतः कबूल केलं आहे. वहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. साहेब म्हणाले, नंतर बघतो. घरी आल्यावर वहिनी वन्संना हे सांगत होत्या आणि माझी वायर गुंडाळत होत्या. एरवी त्या सैल गुंडाळायच्या. त्या दिवशी इतकी आवळली की आतली तार तुटली.

आमच्या जागी जे आले तेही छोटेच होते, कागदावर. एका बड्या कंपनीने आपल्याच मॅनेजरच्या मेहुण्याच्या नावाने एक छोटी कंपनी काढली होती, म्हणजे आपली छोटी मुलगीच जन्माला घातली होती. तिच्या गाड्यांवर नवं नाव रंगवलं होतं, पण ऊन पडलं की खालचं जुनं नाव वर दिसायचं, असं वहिनी सांगतात. नियम पाळला गेला. नियमाला रंगाखालचं वाचता येत नाही.

त्या कंपनीकडे बसून चालवायच्या मोठ्या मशिनी होत्या, मी कशाला हवी? आता मी वहिनींच्या गॅलरीत असते. मोटर गंजली आहे. चकतीच्या जागी कुंडी ठेवली आहे, दांडीवर कपडे वाळतात. वाळत असतात ते बहुतेक काळे मोजे. कारण छोट्या मुलीच्या कामगारांना काळे मोजे सक्तीचे आहेत, आणि वहिनी आता तिच्याकडे कामगार आहेत. तीच इमारत, तोच बोळ. मशीन चालवायची परवानगी त्यांना नाही, त्यांच्याकडे फडकं आणि बादली आहे. बाकीच्या बायका पांगल्या. वन्सं शिवणकाम करतात. बरेच दिवस त्या वहिनींशी बोलत नव्हत्या. आता बोलतात, पण फरशीचा विषय निघाला की उठून आत जातात.

एवढं मात्र वहिनींनी त्यांना थांबवून सांगितलं. बोळात साहेब समोरून आले. चुकवायला वाट नव्हती. थांबले, म्हणाले, काय वहिनी, कसं चाललंय? काही लागलं तर सांगा.

"मग?" वन्संनी विचारलं.

"मी म्हटलं, बघते."

वन्सं हसल्या. पहिल्या दिवशी हसल्या होत्या तशा नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी यंत्राने विनंती करायची असते. मला तेल द्या, मला पावसात ठेवू नका, माझी वायर आवळू नका. मित्रांनो, मला तेल नको. मोटर गेली आहे, तेलाने काय होणार? मला एवढंच मागायचं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या कुणाच्या हातात किल्ल्या येतील, कुणाला तरी तुम्ही दार उघडून द्याल आणि म्हणाल, तेवढं करून टाका. ते करतील. तुमच्यासाठीच करतील. मग कुणी विचारलं की कोणी सांगितलं, तर मान वर करा आणि म्हणा, मी सांगितलं. दोन शब्द आहेत. म्हशीलासुद्धा यायला हवेत.

खोलीतलं मेण नंतर काढलं. ते काम छोट्या मुलीने केलं. फरशी पुन्हा राखाडी झाली म्हणतात.

आणि ते मोठे पाहुणे आले त्या दिवशी त्यांनी, म्हणे, दर्शनी इमारतीत चहा घेतला, आणि तिथूनच ते परत गेले.