अर्धं भुंकणारं कुत्रं

दिवे मंद झाले तशी सभागृहातली कुजबुज विझली. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या स्पीकरमधून आधी बासरी आली आणि मग एका मेलेल्या मुलाचा आवाज. "आई, मी बरा आहे." पुढच्या रांगेतली बाई खुर्चीवरून घसरून जमिनीवरच बसली. मागचे लोक उठून उभे राहिले, कोणी हात जोडले, कोणी तोंडात रुमाल कोंबला.

मंचावरच्या बाबांनी डोळे उघडले.

"आवाज फार लांबून चालत येतो, माझ्या लेकरांनो. दमलेला असतो बिचारा. घरी ऐकाल तेव्हा त्याला अडवू नका. थांबवला की तुटला. मागे नेला की परत गेला, कायमचा!"

"खरं आहे," माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले.

मेल्यावर माणूस म्हणे कुठेही जाऊ शकतो. फक्त पाच सेकंद मागे जायची त्याला बंदी!

"गप्प बस, आता आपले येतील," मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. मी काही बोललेही नव्हते.

आणि काका आले. तोच घोगरा, घाईचा आवाज. "मी इथेच आहे. रडू नकोस. आता गोळी नको."

या शेवटच्या तीन शब्दांसाठीच मी आले होते. बाबांकडून ही रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मिळाल्यापासून मावशीने रक्तदाबाची गोळी बंद केली होती. आदल्या आठवड्यात ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. यंत्रावरचा आकडा बघून मलाच घाम फुटला.

"अगं, रक्तदाब काय काकांना विचारून चढतो?"

"त्यांची बायको मी आहे की तू?" तिने मला तिथेच गप्प केलं होतं.

घरी पोचलो तेव्हा टेबलावर दोन कप होते. काका गेल्यापासून ती दोन कप मांडते आणि एक तसाच धुऊन ठेवते. तिला मूलबाळ नाही; तिची बहीण, म्हणजे माझी आई गेल्यावर तिला मी एकटी उरले. मलाही तिच्याशिवाय कोणी नाही. दिवसभर मी एका बंद खोलीत लोकांचे कान तपासते; आवाज ऐकू आला की बटण दाबा, एवढंच माझं लोकांशी बोलणं.

"मावशी, ती पेनड्राइव्ह दे. मी संगणकावर लावते."

"थांबवणार नाहीस ना?"

"थांबवणार आहे."

"आणि ते गेले तर?"

"तर पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही."

तिने पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवली.

काका बोलू लागले. "रडू नकोस" संपताच मी थांबवायची कळ दाबली. खोली गप्प झाली. मावशीने डोळे मिटून घेतले. मी डाव्या बाणाची कळ दाबली, पुन्हा चालू केलं.

"मी इथेच आहे. रडू नकोस."

"अगंबाई! आले परत!"

"बोलावू तितक्या वेळा येतील."

मग मी वेग निम्मा केला, शेवटच्या तीन शब्दांच्या अलीकडे एक खूण केली, पलीकडे दुसरी. प्लेअर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. आता गोळी नको. आता गोळी नको. शब्दांमागे काहीतरी होतं. मी बासरीचे उंच सूर दाबले.

"हे काय गं? कुत्रं?" मावशी पुढे वाकली. "हे तर खालच्या मजल्यावरचं! ते यांच्या आधीच मेलं की." मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे तिकडे भेटलं असेल यांना!"

"भेटलं असेल. पण ते पुरतं का भुंकत नाही? ऐक. 'भौ' सुरू होतो आणि मध्येच तुटतो. कुत्रं अर्धं भुंकतं का कधी?"

तिने कान संगणकाजवळ नेला.

"बाबांनी काकांचा जुना आवाज मागितला होता?" मी विचारलं.

"ओळख पटवायला म्हणाले. मी त्यांच्या फोनमधले निरोप दिले सगळे. तुला पाठवलेलेसुद्धा."

काका कधी लिहीत नसत. लांबलचक बोलके निरोप पाठवायचे. ते गेल्यापासून मी एकही उघडला नव्हता. त्या दुपारी ते संगणकावर उघडले. एकेक लावायचा, कुत्र्याच्या आवाजापर्यंत पुढे सरकायचं, नसेल तर दुसरा. बऱ्याच वेळाने सापडला.

"डॉक्टर म्हणाले, मला आता गोळी नको, भौ! साखर उतरली. भौ! भौ! ए, गप रे! पण तुझ्या मावशीला रोज आठवण करावी लागते बघ. मी नसलो की ही गोळी चुकवणार. तू लक्ष ठेव."

मावशीने पडद्यावरच्या नागमोडी रेघेवर बोट ठेवलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. मी लावलं. मग तिने स्वतःच बाणाची कळ शोधली.

पुढच्या सभेत बासरी सुरू होताच ती उभी राहिली. "बाबा, जरा थांबवा. थोडं मागे न्या."

"माई, तुटेल!"

"नाही तुटत. मी घरी करून बघितलंय. आमच्या आवाजात कुत्रं निघालं, या लोकांच्या आवाजात काय आहे ते बघू या."

बाबांनी वीजच घालवली. अंधारात बरेच लोक आमच्यावरच ओरडले. मागच्या सभेत खुर्चीवरून घसरलेली त्या मुलाची आई मात्र बाहेर आमच्यामागे आली आणि हळूच म्हणाली, "तुमच्याकडे येऊ का? त्याच्या जुन्या रेकॉर्डिंग आहेत माझ्याकडे."

चमत्कार असा घडला होता: आपणच दिलेला आवाज, कात्रीने कापलेला, बासरीने झाकलेला. तो पकडायला कुठलीही सिद्धी लागत नाही. एक कळ थांबायची आणि एक मागे जायची, एवढं पुरतं. थांबू नका, मागे जाऊन पाहू नका, असं जो सांगेल, त्याच्याच दारात आधी थांबा आणि मागे जाऊन पाहा. आपलं माणूस गेलं हे दुःख खरं असतं; त्याला खोट्या आवाजाची गरज नसते.

मावशी आता रोज सकाळी काकांचा निरोप लावते, 'तू लक्ष ठेव' पाशी थांबवते आणि गोळी घेते. दुसरा कप ती अजून मांडते. मी कामावर जाताना तिथे थांबून चहा पिते.