मेंढरं बसवली

"ओ पावणं! निजलं का दिवसाढवळ्या? मेंढरं काय ट्रकाखाली घालू?"

आळेफाट्याच्या चौकाकडून आलेली ती हाक माझ्या वडिलांना, अण्णांना होती. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. हाक मारणाऱ्या मेंढपाळ ज्योतिबाकाकांना कळवायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दिवाळी सरली की ते कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे आणि आमच्या वावरात मेंढरं बसवायचे. लेंड्यांचं खत वावराला, बाजरी त्यांना. आदल्या दिवशी अण्णा वाकून सगळं वावर पालथं घालायचे. हायवेवरून फेकलेल्या बाटल्यांच्या काचा वेचायचे, मेंढराचा पाय चिरू नये म्हणून. सगळा फाटा गाळे बांधत होता, तेव्हा अण्णा काचा वेचत होते.

मी रस्त्यावर गेले. "काका, अण्णा गेले."

"कुठं? पिंपरी पेंढारला?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रस्त्याच्या कडेलाच बसले. मेंढरं त्यांना खेटून पुढे सरकत राहिली.

तेवढ्यात माझा भाऊ भरत आला. "काका, औंदा नाय जमायचं. जागा हॉटेलला दिलीय, पार्किंगसाठी. सकाळी मुरूम पडणार."

"सकाळी ना? आजची रात हाय की."

"आवो, खत काय मुरमाखाली गाडायचं?"

"तुझ्या बानं मला नगं म्हणलं व्हतं का?"

भरत माझ्यावर घसरला. "ताई, तू तरी सांग त्यांला. तू जाशील उद्या पुण्याला. लोक मला हसत्याल."

"एकच रात्र, भरत."

"आन् काचा? लई पडल्यात. पाय कापलं मंजी?"

मी पदर खोचला आणि वावरात उतरले. काकांची बायको तुकाबाई घोड्यावरचं बिऱ्हाड तसंच सोडून माझ्यामागे आली. "तुझा बा वाकायचा तवा मी लई हसायची गं," ती म्हणाली. "म्हणायची, पावण्याचं सोनं हारपलंय." मग तीही वाकून काचा वेचू लागली. भरत बांधावर उभा राहून फोन बघत होता.

दिवस मावळता मेंढरं बसली. मी बाजरी नेली, तर काकांनी सुपावर हात आडवा धरला. "औंदा न्हाई, पोरी."

सकाळी मी उठले तेव्हा कळप घाटाकडे निघून गेला होता. सगळं वावर लेंड्यांनी काळं पडलं होतं. बांधापाशी मुरमाचा डंपर येऊन उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

वावराच्या मधोमध भरत उकिडवा बसला होता. दोन्ही हातांनी लेंड्या ओढून घमेल्यात गोळा करत होता. ते खत टाकायला आमच्याकडे आता वीतभरही जमीन उरली नव्हती.

"थांब रे जरा," तो मान वर न करता ड्रायव्हरला म्हणाला, आणि घमेलं पुढे सरकवलं.