चार नंबरची चूक

भिंतींना धडकण्याचा मला पगार मिळतो. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत मी तपासनीस आहे. लोकांना वाटतं, हा दिवसभर खेळतो, मजा आहे बुवा. मजा अशी, की एकाच किल्ल्याच्या एकाच भिंतीला चाळीस वेळा धडकायचं आणि एकेचाळिसाव्या वेळी घोडा भिंतीच्या आत शिरला, की लिहून ठेवायचं. मग त्या चुकीला नंबर द्यायचा. एक नंबर म्हणजे गेम बंदच पडतो. चार नंबर म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही, पुढे कधीतरी बघू. हे पुढे कधीतरी आमच्या कंपनीत अजून उजाडलेलं नाही.

या धंद्यामुळे ओळखीपाळखीत मी फुकटचा सल्लागार झालोय. नवा गेम पहिल्या दिवशी घेऊ नका. जाहिरात बघून तर मुळीच घेऊ नका, जाहिरातीतला घोडा वेगळा आणि पेटीतला वेगळा. तीन आठवडे थांबा, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या माणसाला खेळताना बघा, मग ठरवा. माझ्यामुळे शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचे तीन गेमचे पैसे वाचले. त्यांनी माझी दाढ मात्र पूर्ण दरात काढली.

फक्त आमच्या स्वतःच्या गेमबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही, अशा कागदावर माझी सही होती. कंपनी आम्हाला चांगली ओळखून होती.

गेम दुकानात जायच्या आधीच्या आठवड्यात यादीत सतराशे चुका होत्या. आमच्या साहेबांना आम्ही तारीखसाहेब म्हणतो, कारण कुठल्याही गेमबद्दल त्यांना तेवढी एकच गोष्ट ठाऊक असते. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत दोनशेच्या आत आणा." सतराशे चुका एका दिवसात दुरुस्त होत नाहीत. पण चार नंबरच्या चुका मोजल्या जात नाहीत, आणि नंबर बदलायला एक बोट पुरतं. आम्ही माना खाली घालून बसलो. राजाला चेहरा नाही? चार. घोडा हवेत चालतो? चार, एखाद्याला आवडेलही.

त्यातली एक चूक मी स्वतः शोधली होती. गेम बनवणाऱ्यांच्या नावांची यादी वर सरकत 'तपासणी' या मथळ्यापाशी आली, की पडदा तिथेच गोठायचा. मी तिला दोन नंबर दिला होता. तारीखसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "नावं कोण बघतं रे?" सगळे हसले. मीही हसलो आणि चार नंबर देऊन मोकळा झालो.

आता माझी ताई. आईनंतर मला तिनेच वाढवलं. तिचं शिवणाचं दुकान आहे. तिच्या लेखी मी अजून नोकरीला लागलेलोच नाही. फोन केला, की पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, अजून खेळतोच आहेस?" एकदा चिडून मी म्हटलं, की या गेममध्ये माझं नाव येणार आहे, पडद्यावर, छापील. चार दिवसांनी कळलं, की बाईसाहेबांनी गेम खेळायला टीव्हीला जोडतात तो कन्सोल नवा कोरा आणलाय आणि आमच्या गेमची सगळ्यात महागडी पेटी आगाऊ मागवलीय. प्लास्टिकच्या तलवारीसकट.

"ताई, जरा थांबली असतीस तर..."

"का? वाईट आहे का?"

सही आडवी आली. "तसं नाही गं. पण तीन आठवड्यांनी स्वस्त मिळतो."

"भावाचं पहिलं काम मी सेलमध्ये घेऊ?"

मला खरंच हवं होतं, की तिने एकदा ते नाव बघावं आणि तो प्रश्न विचारणं कायमचं थांबवावं. पहिल्या दिवशी इंटरनेटवरून जी दुरुस्ती पाठवतात, तिच्यात ती चूक गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. म्हणजे जगाला जे करू नका म्हणून सांगतो, नेमकं तेच ताईला करू दिलं.

गेम बाजारात आला, त्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो. भाऊजी खेळायला बसले. अर्ध्या तासात गेम दोनदा बंद पडला. भाऊजी भला माणूस, त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. ताई पुढे सरकून बारकाईने बघत होती.

"त्या सेनापतीची बाही दंडातून आरपार गेलीय. हे कुणी शिवलं?"

"शिवणारे तिघं नोकरी सोडून गेले."

"मग माल बाहेर पाठवला कसा? माझ्याकडे धागा लोंबत असला तर गिऱ्हाइकाला दारातून परत बोलावते मी." मग म्हणाली, "राहू दे. तुझं नाव लाव."

मी यादी लावली. ताईने फोन काढला, चष्मा पुसला आणि फोटोसाठी फोन धरून बसली. नावं सरकू लागली. तारीखसाहेबांचं नाव तर दोनदा आलं. मग 'तपासणी' हा मथळा वर आला, आणि पडदा गोठला.

"थांबलंय का?"

"हो."

"येईल ना?"

ती फोन तसाच धरून बसली होती. हात भरून आला, तेव्हा तिने दुसऱ्या हातात घेतला. मला ते बघवेना.

"नाही येणार, ताई. ही चूक मला माहीत होती."

"तू सांगितलं नाहीस?"

"आधी लिहिली होती. मग सगळे हसले, म्हणून मीही हसलो."

तिने फोन खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पेटी नीट भरली, तलवार आत घातली आणि पावती माझ्या हातात दिली. "उद्या परत करून ये. कारण विचारतील, ते खरं सांग."

सकाळी दुकानात रांग होती आणि प्रत्येकाच्या काखेत तीच पेटी. माझा नंबर आला. काउंटरवरची मुलगी वर न बघताच म्हणाली, "कारण?"

"नावांची यादी मध्येच थांबते."

तिने वर बघितलं आणि हसली. "नावं कोण बघतं हो?"

"माझी बहीण," मी म्हटलं.