एकशे सव्विसावा डोळा

नगरभवनाच्या दर्शनी दालनात, उघड्या काँक्रीटच्या भिंतीवर, काचेच्या तुकड्यांनी रचलेली त्रेसष्ट माणसं होती. सगळी समोर बघणारी, म्हणजे डोळे एकशे सव्वीस हवेत. परांचीवर चढून तिने तीनदा मोजले. एकशे पंचवीस. शेवटच्या माणसाच्या डाव्या डोळ्याच्या जागी नखाएवढा खळगा होता.

तो माणूस म्हणजे तिचे बाबा. तीस वर्षांपूर्वी हे चित्र बसवताना त्यांनी कोपऱ्यात स्वतःलाही उभं केलं होतं. आता त्याच भिंतीची डागडुजी लेकीकडे आली होती. तुकडा गळून पडला असणार. बाबांना विचारावं असं मनात आलं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं? तिने मापाची काळी काच कापली, चिकटवली, वहीत नोंद केली आणि चहाला खाली उतरली.

खाली बाबांच्या जोडीचे कारागीर काका आले होते, जुनं काम डोळ्यांखालून घालायला. वर नजर जाताच त्यांचा कप ओठांपाशीच थांबला. डोळा कुणी भरला, म्हणून त्यांनी विचारलं.

"मीच. पडला होता ना."

"पडला नव्हता गं. स्वतःला भिंतीत बसवलं की एक डोळा रिकामा ठेवायचा, ही आमची रीत. भिंतीला पुरं माणूस द्यायचं नाही."

भिंतीला एवढी भूक असते होय, असं म्हणून ती हसली. काका हसले नाहीत.

तेवढ्यात आईचा फोन आला. बाबांना डाव्या डोळ्याने एकाएकी दिसेनासं झालं होतं. बिचारे मघापासून चष्माच पुसत बसले होते.

ती धडाधड परांची चढली. चिकटवण अजून ओलं होतं. तुकडा अलगद निघाला. तो मुठीत घट्ट धरून तिने घरी फोन लावला. "बाबा, आता दिसतंय?"

"अगं, डोळा आहे, दिवा नाही, बटण दाबलं की लागायला." मग ते हळूच म्हणाले, "पण गंमत सांगू? आता अंधार नाहीये. डाव्या डोळ्याला मोठं दालन दिसतंय. आणि तू, अगदी जवळ. मुठीत काय धरलंयस, पोरी?"

तिने मूठ उघडली. काळी काच तिथेच होती. भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे न बघता ती परांचीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पहिल्या माणसापासून मोजायला लागली.

डोळे एकशे सव्वीस भरले.